करंट फक्त सोपीच वाट धरतो?

'करंट कमीत कमी रोधाच्या वाटेनं जातो' हे वाक्य गोव्यात इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला येणारी कित्येक मुलं घरूनच पाठ करून येतात. त्यातून भलताच निष्कर्ष निघतो: अर्थिंग आहे ना, मग पंपाला हात लावला तरी काय होणार?

बेसिक इलेक्ट्रिकलच्या प्रयोगशाळेत याचा निकाल लागतो. १२ व्होल्टच्या सप्लायला १० आणि १०० ओहमचे रोधक समांतर जोडा. (दहावाला चांगल्या वॅटचा घ्या, नाहीतर धूर निघेल.) मीटर एकीकडे १.२ अँपिअर दाखवतो, दुसरीकडे ०.१२. अवघड वाट बंद नसते, तिथून कमी जातो इतकंच.

आता विहिरीवरचा पंप घ्या. मे महिना, जांभ्याची जमीन कोरडी ठाक, अर्थिंगचा खड्डा सुकलेला. रोध ५० ओहम धरू. फेजची वायर पंपाच्या धातूच्या बॉडीला टेकली तर जमिनीत जाणार साधारण ४.६ अँपिअर. १६ अँपिअरच्या एमसीबीला (जास्त करंट गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचला) त्याचं सोयरसुतक नाही, तो पडत नाही. बॉडीवर मात्र जवळजवळ पूर्ण २३० व्होल्ट. अनवाणी, भिजलेल्या माणसाचा रोध हजार ओहम असला तर त्याच्यातून २३० मिलिअँपिअरच्या आसपास. जीव जायला याहून बरंच कमी पुरतं.

म्हणून अर्थिंगच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परतला का, हे तो बघतो. फरक पडला की तोडतो. टेस्टचं बटण दाबूनही पडत नसेल, तर तो बदलायला झालाय.