स्ट्रीट गटात नाव द्यायचंय? आधी आरसी उघडून वाचा

मागच्या खेपेला ड्रॅग रेसच्या (सरळ पट्ट्यावरची वेगाची शर्यत) स्ट्रीट गटासाठी, म्हणजे रस्त्यावर कायदेशीर चालणाऱ्या गाड्यांच्या गटासाठी, तुर्भ्याहून आमच्याबरोबर चार गाड्या निघाल्या होत्या. त्यातल्या दोन स्क्रूटनीतूनच, म्हणजे रेसआधीच्या तपासणीतूनच, परत फिरल्या. इंजिनात खोट नव्हती. एकीच्या मागच्या सीट घरी माळ्यावर पडल्या होत्या, आणि दुसरीचा मालक घरी झोपला होता. मालक म्हणजे त्या पोराचे वडील. गाडी त्यांच्या नावावर, आणि पोरगं रेसला गेलंय याचा त्यांना पत्ताच नव्हता.

दोघांचं म्हणणं एकच: ‘रोज पाम बीच रोडवरून ऑफिसला नेतो, मग ही स्ट्रीट-लीगल नाही तर काय?’ चहाच्या टपरीवर हा मुद्दा चालतो, स्क्रूटनीच्या टेबलावर चालत नाही. पोलिसांनी अजून अडवलं नाही म्हणून गाडी कायदेशीर होत नाही. ती अजून सापडली नाही, एवढंच.

हा वाद अमेरिकेतल्या हौशी ड्रॅगवाल्यांतही जुना आहे. तिथे ‘ड्रॅग वीक’ या स्पर्धेने २००५ पासून त्याला सरळ उत्तर दिलं: गाडी ट्रकवर चढवून आणायची नाही. एका ट्रॅकवरून पुढच्या ट्रॅकपर्यंत ती सार्वजनिक रस्त्याने स्वतः चालवत न्यायची, स्पेअर आणि हत्यारं तिच्याबरोबरच. आपल्याकडे चालवून दाखवण्याची सोय नाही. इथे कागद दाखवावा लागतो, आणि त्या कागदाचं नाव आरसी.

घोळ होतो तो इथे. चाळण्या दोन आहेत. पहिली मोटार वाहन कायद्याची: गाडी आणि आरसी जुळली पाहिजे. दुसरी आयोजकांच्या सप्लिमेंटरी रेग्युलेशन्सची (त्या स्पर्धेपुरती नियमपुस्तिका): तुमच्या गटात काय बदललेलं चालतं. ओपन गटात फ्री-फ्लो एक्झॉस्ट (धूर मोकळा सोडणारा, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर) चालतो असं पुस्तिकेत छापलंय म्हणून तो घोडबंदर रोडवर चालेल, असं कुणी समजू नये. उलटही तेच: रस्त्यावर निर्दोष असलेली गाडी स्टॉक (कंपनीतून आली तशाच गाड्यांच्या) गटात बाद होऊ शकते.

तर आरसी घ्या आणि गाडीशेजारी उभं राहून ओळीने वाचा. खरंच वाचा, फोटो पाहू नका.

रंग. काळी मॅट रॅप केलीत आणि आरसीत पांढरा आहे, तर तिथेच विषय संपला. आसनक्षमता. पाच लिहिलंय, तर पाच बसतील अशा सीट हव्यात. वजन कमी करायला काढलेली मागची सीट हा आमच्याकडचा सगळ्यात मोठा घात. इंधन. ठाण्या-नवी मुंबईत निम्म्या पोरांकडे घरातली सीएनजीची गाडी असते. रेससाठी डिकीतला सिलिंडर उतरवतात, पण आरसीत पेट्रोल/सीएनजी तसंच राहतं. सिलिंडर ठेवला तरी दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट झालेली असावी लागते, आणि ती तारीख कुणालाच माहीत नसते. सिलिंडरवरची प्लेट बघा. इंजिन क्रमांक आणि चॅसिस क्रमांक मोबाइलच्या टॉर्चने प्रत्यक्ष पाहून घ्या. जुनी घेतलेली गाडी असेल तर नक्कीच.

बदल आरसीत चढवता येतो का? काही येतात: सीएनजी किट, रंग. त्यासाठी आपल्या आरटीओत जावं लागतं. एमएच ०४ म्हणजे ठाणे, एमएच ४३ म्हणजे नवी मुंबई, एमएच ४६ म्हणजे पनवेल. कर्ज चालू असेल तर बँकेची लेखी संमती आधी. कलम ५२ मधले १४ दिवस हमखास चुकीचे वाचले जातात. ते झालेला बदल कळवून आरसीत नोंदवून घेण्यासाठी आहेत. जो बदल मुळात करताच येत नाही, तो चौदाव्या दिवशी कळवला म्हणून पावन होत नाही. मूळ कंपनीच्या तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि कलम १८२अ खाली दंड गाडीमागे नाही, बदलामागे आहे: प्रत्येकी ५ हजार, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

याचा एक विचित्र परिणाम होतो. अमेरिकेत एनएचआरए या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या नियमांत पाव मैल ११.४९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या गाडीला, काही नव्या गाड्या सोडल्या तर, रोल बार (गाडी उलटली तरी छत दबू नये म्हणून आत बसवलेली पोलादी नळी) सक्तीचा आहे. आपल्याकडे तोच बार बॉडीला वेल्ड केलात, तर रस्त्यावर तो अनधिकृत बदल ठरतो. जीव वाचवणारी वस्तू गाडीला बेकायदा करते! यावर आरटीओच्या खिडकीवर उत्तर मिळत नाही, मी विचारून पाहिलंय. खिडकीतल्या साहेबांनी ‘पुढचा’ म्हटलं. तेव्हा इतकी वेगवान गाडी असेल तर स्ट्रीटचा हट्ट सोडा आणि ती फ्लॅटबेडवर (गाड्या वाहणाऱ्या सपाट ट्रकवर) न्या.

टायरची खोली कारला किमान १.६ मिमी हवी. खाचेत आडवा छोटा उंचवटा असतो, रबर त्याच्या बरोबरीला आलं की टायर संपला. स्लिक टायरला खाचाच नसतात, त्यामुळे त्यावर वाद नको.

मालकाचं संमतिपत्र. गाडी वडिलांच्या, काकांच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असेल, तर ‘वापरण्यास हरकत नाही’ एवढं पुरत नाही. गाडी क्रमांक, चॅसिस क्रमांक, कार्यक्रमाची तारीख आणि ‘स्पर्धेसाठी’ हा शब्द हवा, खाली सही आणि ओळखपत्राची प्रत. सही तुम्ही करू नका, बाबांनो. ओळखपत्रावरची सही शेजारीच दिसत असते.

विमा चालू हवा, पण तो ट्रॅकवर कामाला येत नाही. खासगी गाडीच्या पॉलिसीत संघटित रेसिंग आणि वेगचाचणी वगळलेली असते. धावपट्टीवर गाडी ठोकली तर खर्च तुमचा. हे घरच्यांना आधी सांगा.

पीयूसी स्क्रूटनीच्या दिवशी चालू हवी, नाव नोंदवलं त्या दिवशी नव्हे. बीएस ४ आणि पुढच्या गाड्यांना ती वर्षभर चालते, जुन्यांना सहाच महिने. बाकी लायसन्स, एचएसआरपी पाटी, हेल्मेट, आणि लागत असेल तर एफएमएससीआयचा (भारतातल्या मोटरस्पोर्ट क्लबांचा महासंघ) स्पर्धा परवाना. सगळ्याच्या छापील प्रती न्या. डिजिलॉकर हवालदाराला दाखवायला ठीक, पण धावपट्ट्या गावाबाहेर असतात आणि रेंज ऐनवेळी जाते.

नाव नाकारलं म्हणून त्याच रात्री पाम बीचवर ‘आपापसात’ लावू नका. ते कलम १८९ मध्ये येतं, आणि तिथे गाडी आरसीशी जुळते की नाही हे कुणी विचारत नाही.

सीट काढायचीच असेल आणि गटात चालत असेल, तर ती बसवलेली गाडी घेऊन या, पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या जागेत) काढा, आणि घरी निघण्याआधी परत बसवा. बोल्ट पिशवीत घालून सीटच्याच बेल्टला बांधा. गेल्या वेळी परतीच्या वाटेवर आम्ही लोणावळ्यात दुकानं उघडायची वाट बघत बसलो होतो, एका बोल्टसाठी.