समोरची गाडी नेमकी किती लांब आहे?

ट्रकच्या फाळक्यावरचा वाळलेला चिखल, लोंबणारं दोरखंडाचं टोक, दोनपैकी एकच पेटणारा मागचा लाल दिवा. अर्धा तास डोळ्यांपुढे एवढंच असलं की शांत माणसाचाही जीव उबगतो. दुपदरी रस्ता, मध्ये दुभाजक नाही आणि ट्रक साठच्या वर जायला तयार नाही. आपण गाडी जराशी बाहेर काढून डोकावतो. लांबवर एक गाडी येताना दिसते. निघेल का?

या प्रश्नाचं उत्तर आपण नजरेच्या अंदाजाने देतो, आणि नेमक्या याच कामात नजर फार कच्ची आहे.

आधी हिशेब मांडू. ट्रक 12 मीटर लांब, आपली गाडी 4 मीटर, ट्रकच्या मागे आणि पुढे सुरक्षित अंतर प्रत्येकी 20 मीटर. म्हणजे ट्रकच्या तुलनेत आपल्याला 56 मीटर जास्त कापायचे आहेत. ट्रक ताशी 60 किलोमीटरने आणि आपण 80 ने जात असू, तर वेगातला फरक सेकंदाला जेमतेम साडेपाच मीटर. ओव्हरटेकला लागले 10 सेकंद. तेवढ्यात आपण 220 मीटर पुढे गेलो आणि समोरचाही 80 ने येत असेल तर तोही तितकाच जवळ आला. म्हणजे साधारण साडेचारशे मीटर रस्ता मोकळा हवा. ट्रकला चिकटून साठने चालत असू, तर आधी वेग वाढवण्यात आणखी तीनेक सेकंद जातात आणि हाच आकडा साडेपाचशेच्या पुढे सरकतो.

आता डोळ्यांकडे येऊ. समोरून सरळ येणारी वस्तू आडवी सरकत नाही, फक्त मोठी होत जाते. तिचा वेग ओळखायला मेंदूकडे तेवढीच खूण असते. 400 मीटरवरची मोटार आपल्याला पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्या रुंदीची दिसते. पुढच्या सेकंदात दोन्ही गाड्यांमधलं अंतर 44 मीटरने घटतं, पण तिची दिसणारी रुंदी वाढते फक्त बारा टक्के. इतक्या चिमुकल्या आकारातली ही वाढ डोळ्यांना जाणवतच नाही. गाडी जागच्या जागी उभी असल्यासारखी वाटते. तीच 88 मीटरवर आली की एका सेकंदात दुप्पट होते, अंगावर धावून आल्यासारखी. या वेगांना समोरच्याच्या गतीचा खरा अंदाज साधारण दीडशे मीटरच्या आसपास येऊ लागतो आणि तेव्हा हातात तीन-साडेतीन सेकंद उरलेले असतात. ‘गाडी अचानक आली’ असं लोक सांगतात, ते खोटं बोलत नसतात. त्यांना ती खरोखरच तशी दिसलेली असते.

रात्री तर गाडीचा आकारही नाहीसा होतो. उरतात दोन दिवे आणि त्यांच्यामधलं अंतर. मोटारसायकलला एकच दिवा, त्यामुळे तेही नाही. त्यातच लहान वस्तू लांब असते असं मेंदू गृहीत धरतो, म्हणून दुचाकी आहे त्यापेक्षा उशिरा पोहोचेल असं वाटतं. हे मला सगळ्यात काळजीचं वाटतं, कारण चूक आपली असते आणि समोरच्याच्या अंगाभोवती पत्राही नसतो. कुणी अप्पर मारून गेला तर डोळे दिपून पुढचे काही सेकंद नीट दिसत नाही, आणि उतारवयात हा वेळ वाढतो.

मग एवढं करून मिळतं काय? ट्रकमागे 10 किलोमीटर साठने गेलो तर 10 मिनिटं लागतात, 80 ने गेलो तर साडेसात. फरक अडीच मिनिटांचा. तगमग मात्र तासाभराची होते.

ट्रकपासून पन्नासेक मीटर मागे राहिलं, म्हणजे साठच्या वेगाला तीन सेकंदांचं अंतर ठेवलं, की त्याच्या कडेने पुढचा रस्ता कितीतरी जास्त दिसतो. चिकटून चालणाऱ्याला फक्त फाळका दिसतो. शिवाय मागे राहिल्याने वेग आपल्याच लेनमध्ये वाढवता येतो, आणि समोर कुणी दिसलं तर तिथंच ब्रेक मारता येतो.

आणि ट्रकवाल्याने इंडिकेटर दिला तर? ‘जा पुढे’ म्हणतोय की स्वतःच वळतोय, हे त्या दिव्यावरून कळत नाही. पुढचा रस्ता त्याला दिसतो हे खरं, पण आपल्या गाडीला वेग घ्यायला किती सेकंद लागतील, ते त्याला ठाऊक नसतं.