सेंट थॉमस कॅथेड्रल, फोर्ट (मुंबई)

मुंबईतलं हे पहिलं अँग्लिकन (म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या पंथाचं) चर्च, फोर्टात हॉर्निमन सर्कलला लागून आहे. चर्चगेट हे नाव याच चर्चमुळे पडलं, कारण किल्ल्याच्या तटाला इकडे यायचा जो दरवाजा होता तो चर्चगेट, १८६०च्या दशकात तट पाडला तेव्हा दरवाजा गेला पण नाव टिकलं आणि पुढे ते स्टेशनला चिकटलं.

सुरुवात मात्र अगदी रखडत झाली. गव्हर्नर जेराल्ड ऑंजियरने १६७०च्या दशकात काम काढलं, १६७७ला तो सुरतेत वारला, आणि अर्धवट उभ्या राहिलेल्या भिंती पुढची जवळपास चाळीस वर्षं तशाच पडून होत्या. जमलेली वर्गणी पुढचा एक गव्हर्नर सर जॉन चाइल्ड याने गिळली असं अलेक्झांडर हॅमिल्टन नावाच्या जहाजी व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय, त्याला ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांचा भयंकर राग होता त्यामुळे त्याचं म्हणणं जरा बेतानेच घ्यायचं. तोवर कंपनीचे इंग्रज किल्ल्यातल्याच खोल्यांत प्रार्थना उरकायचे.

मग १७१४ला रिचर्ड कॉब हा पाद्री आला. त्याने दुसऱ्याच वर्षी प्रवचनात सरळ चर्चचा विषय काढला, वर्गणी परत सुरू झाली, नोव्हेंबर १७१५ मध्ये पाया घातला आणि १७१८च्या नाताळला चर्च उघडलं.

उद्घाटनाचं वर्णन कॉबनेच लिहिलंय आणि ते वाचायला मजा येते. आत माडाच्या झावळ्या आणि केळीचे खुंट लावलेले, खांबांना हिरव्या पानांच्या माळा, म्हणजे आपल्याकडे लग्नाचा मांडव घालतात जवळपास तसंच. गव्हर्नर चार्ल्स बून आपलं कौन्सिल घेऊन आला. रामा कामती हा शहरातला बडा शेणवी व्यापारीसुद्धा आपल्या जातवाल्यांना घेऊन आला होता आणि ही सगळी मंडळी प्रार्थना संपेपर्यंत उभी राहिली. वाळकेश्वरच्या देवळाचा जीर्णोद्धार केला तो हाच रामा कामती. पण पुढे दोनच वर्षांत, १७२०ला, कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याचा ठपका ठेवून याच बूनच्या सरकारने त्याच्यावर खटला चालवला, कैदेत टाकलं, मालमत्ता जप्त केली, आणि पुराव्यातली पत्रं बनावट होती हे नंतर उघड झालं. माझ्या मते चर्चच्या इतिहासात ही गोष्ट ठळक यायला हवी, पण बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकतात.

१८३७ला मुंबईला थॉमस कार हा पहिला बिशप मिळाला आणि चर्चचं कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, झालं, मग जुना घंटाघराचा भाग काढून आत्ताचा उंच मनोरा बांधला. १८६०ला गाणाऱ्या मुलांसाठी शाळा काढली, तिचीच आजची कॅथेड्रल अँड जॉन कॉनन स्कूल. शहरातली अंतरंही इथूनच मोजायचे, चर्चपासून किती मैल ते कोरलेले दगड अजून दादर-परळकडे फुटपाथवर सापडतात, बरेचसे अर्धे जमिनीत गाडले गेले होते.

आत भिंतीभर स्मारकं आहेत, बहुतेक कंपनीच्या अधिकाऱ्यांची आणि लढाईत नाहीतर तापाने गेलेल्या तरुण पोरांची. त्यातलं गव्हर्नर जोनाथन डंकनचं आवर्जून बघावं, बनारस आणि काठियावाडात मुली मारायची प्रथा बंद केल्याचा उल्लेख त्यावर कोरलाय. प्रत्यक्षात ती तेवढ्याने काही थांबली नाही, पण दगडावर तसं लिहिलंय खरं. १९११ला पंचम जॉर्ज आणि राणी मेरी इथे प्रार्थनेला आले होते, त्यांच्या खुर्च्या जपून ठेवल्यात.

स्वातंत्र्यानंतर इंग्रज गेले आणि मंडळी हळूहळू भारतीय ख्रिश्चनांची झाली. नोव्हेंबर १९७० मध्ये नागपूरला अँग्लिकन आणि बाकी काही प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हापासून हे कॅथेड्रल त्यांच्याकडे आहे. इमारतीची दुरुस्ती वास्तुरचनाकार विकास दिलावरींनी केली, त्या कामाला २००४ला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला.