काँगो द्रोणीतील पीट दलदल

मध्य आफ्रिकेतील काँगो प्रजासत्ताक व काँगो लोकशाही प्रजासत्ताक या दोन देशांत पसरलेला, पीटाच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पती-अवशेषांच्या) थरावर उभा असलेला दलदली अरण्यांचा प्रदेश. फ्रेंचमध्ये या सखल भागाला ‘क्युव्हेत सांत्राल’ (मध्यवर्ती द्रोणी) म्हणतात. येथील पीटाचे उल्लेख १९५० च्या दशकापासून आढळतात; व्याप्ती मात्र २०१७ मध्ये ग्रेटा डार्जी, सायमन लुईस, सस्पेन्स इफो व सहकाऱ्यांनी प्रथम मोजून मांडली : सु. १,४५,५०० चौ. किमी. क्षेत्र आणि सु. ३० अब्ज टन कार्बन. २०२२ मधील सुधारित अंदाजात क्षेत्र १,६७,६०० चौ. किमी. झाले, सरासरी जाडी घटल्याने कार्बनाचा आकडा सु. २९ अब्ज टनांवर राहिला.

उष्ण हवेत पाचोळा झपाट्याने कुजतो. येथे मात्र जमीन जवळजवळ सपाट असून पाणी वर्षभर साचून राहते. ऑक्सिजनचा अभाव, आम्लता व पोषकद्रव्यांची टंचाई यांमुळे अपघटन अर्धवट राहते. थंड प्रदेशांतील पीट बव्हंशी शेवाळाचे, तर येथील मुळे, लाकूड व रॅफिया ताडाच्या अवशेषांचे असते. पाण्याच्या उगमाबाबत एकच उत्तर सर्वत्र लागू पडत नाही. काँगोच्या उजव्या तीरावरील दोन नद्यांमधल्या भागांत पीटाचा पृष्ठभाग मध्यभागी किंचित फुगलेला आढळतो, म्हणून तेथे पावसाचे पाणी प्रमुख मानणे सयुक्तिक वाटते. डाव्या तीरावर नद्यांचा प्रभाव अधिक दिसतो.

कालनिर्णय हा यातील सर्वांत नाजूक प्रश्न. पीटसंचयाचा आरंभ सु. १०,६०० वर्षांपूर्वीचा, असे प्रथम मानले गेले. काँगो प्रजासत्ताकातील गाभ्यांवरून (पीटातून उभे छेदून काढलेल्या नमुन्यांवरून) २०२२ मध्ये तो किमान १७,५०० वर्षांपूर्वीपर्यंत मागे गेला. त्याच गाभ्यांत सु. ७,५०० ते २,००० वर्षांपूर्वीचे पीट अतिशय कुजलेले व कमी जाडीचे आढळते. त्या काळात संचय केवळ थांबला असावा, असा अर्थ निघू शकतो. परंतु पर्णमेणातील (पानांवरील मेणाच्या अवशेषांतील) हायड्रोजन समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनांचे अणू) सु. ५,००० वर्षांपूर्वीपासून वाढत गेलेली शुष्कता दाखवतात. त्यामुळे भूजल खाली गेल्यावर आधी साचलेले पीटही कुजून गेले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तसे असेल, तर माणसाचा हात न लागताही हा साठा एकदा रिता होऊ लागला होता.

या अरण्यांत पश्चिमी सखल प्रदेशातील गोरिला व वनहत्ती, तर नदीच्या दक्षिणेस बोनोबो राहतात. तेल उत्खननासाठी २०२२ मध्ये लिलावात काढलेले काही भूखंड पीटक्षेत्रावर येत होते. तो लिलाव २०२४ मध्ये रद्द झाला.