पिकांतेरिया (आरेकिपा)

दक्षिण पेरूमधील आरेकिपा शहरातली पारंपरिक खानावळ. मक्याची चिचा (आंबवलेले पेय), तिखट पदार्थ आणि वारानुसार ठरलेले सूप हा तिचा कणा. ती बहुधा बायकाच चालवतात. त्यांना पिकांतेरा म्हणतात आणि हे काम आईकडून लेकीकडे जाते. पिकांतेरिया कुस्कोत आणि उत्तर पेरूतही आहेत, पण सबंध शहराच्या जेवणावर त्यांची छाप पडली ती आरेकिपातच.

मुळात ही चिचेची दुकाने. चिचा मागवली की सोबत थोडे तिखट काहीतरी मिळे. त्याने तहान वाढे आणि पुन्हा चिचा येई. हा चखणाच पुढे पूर्ण जेवण झाला. तरी चिचेचा मान आजही पहिला आहे. काळपट जांभळ्या मक्याला मोड आणून तो वाळवतात, भरडतात, पाण्यात उकळून गाळतात आणि आंबवतात. तयार होणारे पेय आंबटसर आणि सौम्य असते. त्याचा तळाशी बसलेला गाळही वाया जात नाही. त्यात डुकराचे मांस लाल मिरचीसह मुरवून ‘आदोबो’ करतात. तो रविवारी सकाळी, तीन टोकांच्या पावाबरोबर खायचा. कायमा भागात त्यासाठी भल्या पहाटेपासून गर्दी होते.

वाटण बातानवर होते. बातान म्हणजे मोठा सपाट दगड आणि त्यावरचा जड दगड. पाट्यावर आपण वरवंटा पुढे-मागे ओढतो, तर बातानचा वरचा दगड दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे झुलवतात. उकडलेल्या बटाट्यांवर ओतायची ‘ओकोपा’ याच दगडावर वाटली जाते. तिच्यात सुकी पिवळी मिरची, शेंगदाणे, चीज आणि वाकाताय नावाचा उग्र वासाचा पाला असतो; ही वनस्पती झेंडूच्या जवळच्या नात्यातली. मिक्सरमध्ये ती गुळगुळीत होते. दगडावर दाणा राहतो आणि ओकोपाची खरी चव त्या दाण्यात आहे.

सर्वांत प्रसिद्ध पदार्थ ‘रोकोतो रेयेनो’, म्हणजे भरलेला रोकोतो. दिसायला हा लहान ढोबळी मिरचीसारखा, पण जहाल. बिया काळ्या, पाने लवदार. थंड डोंगराळ हवेत वाढणारी ही मिरचीची वेगळीच जात. पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात भारतात जी मिरची आली, ती ही नव्हे. बिया आणि आतल्या शिरा काढून रोकोतो उकळतात, पाणी फेकतात आणि नव्या पाण्यात पुन्हा उकळतात. पाण्यात मीठ-साखर घालतात. मग बारीक चिरलेले गोमांस, कांदा, शेंगदाणे, ऑलिव्ह आणि मनुका यांचे सारण भरून, वर चीज ठेवून भट्टीत भाजतात. सोबत बटाट्याच्या चकत्या आणि चीज यांचे थर लावून भाजलेले ‘पास्तेल दे पापा’ लागतेच. तिखटपणा पुरता घालवायचा नसतो. एकदम मवाळ रोकोतो हा पिकांतेराचा चुकलेला हात मानावा.

सुपांना ‘चुपे’ हे सर्वसाधारण नाव. सोमवारी ‘चाके’ नावाचे सूप, मंगळवारी गोठवून वाळवलेल्या बटाट्याचा चाइरो, शुक्रवारी बहुधा नदीतल्या कोळंबीचा चुपे. बाकीच्या दिवसांचा क्रम ठिकाणानुसार थोडा बदलतो.

लांब बाकांवर अनोळखी माणसे खांद्याला खांदा लावून बसतात. कामगार, वकील, कुटुंबकबिला असा भेद तिथे राहत नाही. याराबी ही विरहगीतेही या बाकांवर गायली गेली. अंगणात पितळी बेडकाच्या तोंडात चकत्या टाकण्याचा ‘सापो’ हा खेळ रंगतो.

२०१२ मध्ये पिकांतेरांनी ‘सोसिएदाद पिकांतेरा’ ही संघटना उभी केली. २०१४ मध्ये पेरू सरकारने आरेकिपाच्या पिकांतेरियाला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा घोषित केले, आणि २०१९ मध्ये युनेस्कोने शहराला पाककलेचे सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली. यानाउआरातील ‘ला नुएवा पालोमिनो’ आणि साचाकातील ‘ला लुसिला’ ही नावाजलेली ठिकाणे.

पिकांतेरिया दुपारच्या जेवणाची जागा आहे, रात्रीच्या नव्हे. नदीतल्या कोळंबीवर डिसेंबरच्या उत्तरार्धापासून मार्चअखेर मासेमारीबंदी असते, त्यामुळे तो चुपे खायचा तर एप्रिलनंतर जावे.