लहर गिळायची आणि भेग सांधायची

मायक्रोवेव्हमधल्या पॉपकॉर्नचं पाकीट फेकण्याआधी फाडून बघा. तळाशी करडा चौकोन दिसेल. अॅल्युमिनियमचा इतका पातळ थर, की तो लहरी नुसत्या परतवत नाही, बऱ्याचशा गिळतो आणि तापतो. वापरून झाल्यावर त्यावर बारीक भेगांचं जाळं दिसतं. भेगांनी विजेची वाट तुटली की शोषणही घटतं. पाकिटात हे सोयीचंच, कागद जळत नाही. पण रडारच्या लहरी शोषणारा विमानावरचा लेप असा तडकला तर?

लेप किती चांगला, हे डेसिबलमध्ये मोजतात. उणे 10 म्हणजे दहा टक्के ऊर्जा परतली, उणे 20 म्हणजे फक्त एक टक्का.

उरलेली जाते कुठे? उष्णतेत. आणि त्याच उष्णतेनं भेग सांधता येते, इथे मी या विषयाच्या प्रेमात पडलो. पॉलिमरमध्ये, म्हणजे लांब साखळ्यांसारख्या रेणूंच्या प्लास्टिकसारख्या द्रव्यात, कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म, वीज वाहणाऱ्या नळ्या) मिसळायच्या आणि त्याच्या साखळ्या डील्स-आल्डर बंधांनी जोडायच्या. ऑटो डील्स आणि कुर्ट आल्डर यांनी 1928 साली मांडलेल्या या अभिक्रियेला 1950 चं नोबेल मिळालं. साखळ्यांवर फ्यूरान आणि मॅलेइमाइड हे दोन रासायनिक गट बसवलेले असतात. फ्यूरानचे चार आणि मॅलेइमाइडचे दोन, असे सहा इलेक्ट्रॉन एका दमात जागा बदलतात आणि सहा अणूंचं नवं कडं तयार होतं. साधारण 120 अंश सेल्सिअसला ते सुटतं, निवताना पुन्हा जुळतं, अगदी टिचबटणासारखं. तडा जातानाही आधी हीच बटणं निघतात, कारण बाकीच्या बंधांहून ती कमजोर. मग मायक्रोवेव्ह सोडल्या की नॅनोट्यूब आतून तापतात, मोकळ्या साखळ्या भेगेपलीकडे सरकतात आणि निवताना बटणं लागतात. नॅनोट्यूबचं तुटलेलं जाळं सांधलं की शोषणही परत येतं.

2020 साली गोसंवर्धनासाठीच्या राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी मोबाइलचं रेडिएशन कमी करणारी शेणाची चिप दाखवली होती. 'उरलेली ऊर्जा जाते कुठे' हे तिथेही विचारायला हवं होतं. चिपनं खरंच लहरी अडवल्या, तर टॉवरपर्यंत पोचायला फोन उलट जोर वाढवेल.

आता मेख. शत्रूच्या रडारची लहर विमानापर्यंत येईतो इतकी क्षीण होते की तिच्या उबेवर काही सांधत नाही. दुरुस्तीसाठी मुद्दाम जोरदार मायक्रोवेव्ह सोडाव्या लागतात. शिवाय भेगेचे दोन्ही काठ एकमेकांना टेकलेले हवेत. टवकाच उडाला असेल, तर नवा लेप लावण्यावाचून गत्यंतर नाही.