तापीच्या खोऱ्यातला वाळुंज

विलो म्हटलं की आपल्याला काश्मीर आणि क्रिकेटची बॅट आठवते. मे महिन्यात 45 अंशांपर्यंत तापणाऱ्या खानदेशाशी या झाडाचा संबंध कुणी लावत नाही. पण सातपुड्यातून तापीकडे उतरणाऱ्या नद्या-नाल्यांच्या काठी, उंबर-करंजाच्या सोबतीनं, विलोचीच एक रानटी जात पूर्वापार वाढत आली आहे. ती म्हणजे वाळुंज.

शास्त्रीय नाव सॅलिक्स टेट्रास्पर्मा. विलोंच्या सॅलिक्स या कुळीला लिनियसनं 1753 मध्ये शास्त्रात जागा दिली. या जातीचं वर्णन विल्यम रॉक्सबर्ग यांनी 18 व्या शतकाच्या अखेरीस कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वनस्पतींच्या ग्रंथात केलं. तेव्हा खानदेशात इंग्रजांचा अंमल यायचा होता, तो आला 1818 मध्ये. भारतभर, आणि पुढे थेट आग्नेय आशियापर्यंत, ओल्या काठांवर ही जात सापडते.

झाड ओळखायला सोपं आहे. पान लांबट, टोकाकडे निमुळतं, कडेला बारीक दाते. उलटं करून पाहिलं तर खालची बाजू पांढुरकी दिसते. कोंब एकाच टोपीसारख्या खवल्यानं झाकलेला असतो. ही खूण सगळ्या विलोंत आहे. नर आणि मादी झाडं वेगळी. पाऊस सरल्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत फुलांचे लोंबते तुरे येतात. फुलाला ना पाकळी ना निदल, पण मध असतो, म्हणून मधमाश्या येतात. थंड प्रदेशातल्या बऱ्याच विलोंच्या नरफुलात दोनच पुंकेसर असतात. वाळुंजात त्याहून बरेच जास्त. उष्ण प्रदेशातल्या विलोंची ही ठेवण आहे.

सालीची कथा तर जगभर गाजलेली. 1763 मध्ये एडवर्ड स्टोन यांनी विलोची साल तापावर चालते, असं लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. 1828 मध्ये सालीतून सॅलिसिन हे तापावर चालणारं द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि 1899 मध्ये अ‍ॅस्पिरिन बाजारात आली. आपल्याकडेही वाळुंजाची साल तापावर वापरत आणि फांद्यांच्या टोपल्या विणत.

खरा प्रश्न बियांचा आहे. फळ दोन शकलांत उकलतं आणि कापसासारखे तंतू लागलेल्या इवल्याशा बिया वाऱ्यावर उडतात. त्यांच्यात अन्नाचा साठा जवळजवळ नसतोच. थोड्याच दिवसांत ओल्या, उघड्या गाळावर पडल्या तर रुजतात, नाहीतर मरतात. म्हणजे या झाडाला नुसतं पाणी पुरत नाही. पुरानं आणलेला ताजा गाळ हवा, आणि पूर ओसरल्यावर तो महिनोन्‌महिने ओला राहायला हवा.

खानदेशात नेमकं हेच बदललं. पांझरेवर फड पद्धतीचे, म्हणजे गावानं मिळून शेतीला पाणी वाटून घेण्याचे, बंधारे शतकानुशतकं होते, पण ते बुटके. पूर त्यांच्यावरून वाहून जाई. 1969 मध्ये गिरणेवर मोठं धरण झालं, 1982 मध्ये तापीवर हतनूर. धरणांनी शेती आणि शहरं जगवली, यात वाद नाही. पण धरणाच्या वर गाळ अडतो आणि खाली पूर मंदावतो. त्यात वाळूउपसा. त्यात यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात खोल गेलेलं भूजल, त्यामुळे पूर्वी पावसाळ्यानंतरही झिरपत राहणारे नाले आता लवकर आटतात. माझ्या मते वाळुंजाला कुऱ्हाडीपेक्षा हा सुकलेला काठ जास्त घातक आहे. जुनं झाड तग धरतं, खाली रोप मात्र येत नाही.

फांदी ओल्या मातीत खोचली की वाळुंज फुटतो, म्हणून नदीकाठी लावायला तो सोपा आहे. पण सगळ्या फांद्या एकाच झाडाच्या घेतल्या तर लागलेली सगळी झाडं एकतर नर होतील, नाहीतर मादी, आणि त्यांच्याच्यानं कधी बी धरणार नाही. म्हणून फांद्या झाड फुलावर असताना, तुरे पाहून, नर आणि मादी दोन्हींच्या घ्याव्यात.